माध्यमसाक्षरतेचे शिक्षण (बडोदे)

बातमी, छायाचित्र, जाहिरात, चित्रफीत किंवा मोबाइलवर आलेला संदेश कोणी, कशासाठी आणि कसा घडवला हे पारखण्याची क्षमता म्हणजे माध्यमसाक्षरता. वर्गात डिजिटल साधने वापरणे हा तिच्या शेजारचा, पण वेगळा विषय. स्मार्ट बोर्ड बसवला की मुले आपोआप माध्यमसाक्षर होतात, हा समज भाबडा आहे. फळ्यावरचे चुकीचे विधान पडद्यावर गेले की फक्त रंगीत होते. जर्मनीतील ग्रुनवाल्ड येथे १९८२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत माध्यमशिक्षणाचा जाहीरनामा निघाला. आज मात्र या विषयाची निकड शाळेला सर्वांत जास्त भासते ती व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डमुळे.

दाखवून शिकवणे बडोद्याला नवे नाही. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे विणले. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी याच ग्रंथालय खात्यात दृश्यशिक्षणाची शाखा होती. मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रे पडद्यावर पाडणारा दिवा), स्टिरिओस्कोप (जोडचित्रांत खोली दाखवणारी दुर्बीण) आणि सिनेमा ही तिची साधने. काळाच्या मानाने हे सारे थक्क करणारे असले, तरी दाखवणारे सरकार आणि पाहणारी प्रजा अशीच तिथली विभागणी होती. चित्र घडते कसे, हे शिकण्याची जागा शहरात दुसरी होती. १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवनात प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी तरुण दादासाहेब फाळक्यांना छायाचित्रणाचा स्टुडिओ वापरायला दिला. माध्यमशिक्षणाचे खरे मूळ शोधायचे तर ते या स्टुडिओत सापडेल. कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस चित्राला सहजासहजी भुलत नाही. पुढे १९७५ पासून मही नदीपलीकडच्या खेडा जिल्ह्यात पीज येथील दूरचित्रवाणी केंद्रानेही गावकऱ्यांना कार्यक्रमांच्या निर्मितीत सामील करून घेतले होते.

खोट्या संदेशाचे परिणाम किती भीषण होतात, हे २०१८ च्या उन्हाळ्यात दिसले. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवेतून जूनअखेर अहमदाबादेत जमावाने एका भटक्या समाजातील स्त्रीला ठार केले. त्यानंतर काही दिवसांतच, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांचा जीव गेला. अफवा तीच होती, राज्ये आणि भाषा मात्र दोन. त्या लाटेत देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील बालसुरक्षेची जनजागृतीपर जाहिरात होती. मोटारसायकलवरून मूल उचलून नेणारा माणूस शेवटी ते परत आणून देतो आणि सावध राहण्याचा फलक दाखवतो. नेमका तो शेवट कुणीतरी कापला होता. वर्गात शिकवायला याहून चांगला पाठ मिळणे कठीण. आधी कापलेली चित्रफीत दाखवावी, मुलांना काय वाटले ते लिहून घ्यावे आणि मग पूर्ण चित्रफीत दाखवावी. दृश्ये खरी असूनही संदेश खोटा असू शकतो, हे मुलांना कळायला मग वेगळे व्याख्यान लागत नाही.

या कामात बडोद्यातल्या मराठी मुलांकडे एक आयते भांडवल आहे, ज्याकडे शाळांचे फारसे लक्ष जात नाही. घरात मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि पाठ्यपुस्तकांतून इंग्रजी अशा वातावरणात ती वाढतात. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधील सर्व शाळांत आठवीपर्यंत गुजराती सक्तीची झाल्याने लिपीचीही अडचण उरत नाही. त्यामुळे दांडिया बाजारातल्या एखाद्या घरात आलेला मराठी फॉरवर्ड घेऊन त्याचा गुजराती आणि हिंदी भाऊबंद शोधायला सांगता येतो. भाषा बदलताना गावाचे नाव बदलले का? तारीख गळली का? ‘एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितले’ यातल्या डॉक्टरांना कुठेच नाव का नाही? एकच घटना ‘कालच’ सुरतेत आणि ‘कालच’ नाशकात घडलेली दिसली, की पुढचे काय ते मुले स्वतःच ओळखतात.

पडताळणीची साधने साधीच आहेत. छायाचित्र आधी कुठे छापले गेले ते गूगल लेन्सवर शोधता येते. सरकारी योजनांबद्दलच्या दाव्यांसाठी पीआयबीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा, २०१९ मध्ये सुरू झालेला तथ्यतपासणी विभाग आहे. मात्र तो सरकारचाच असल्याने सरकारवरील टीकेचा निवाडा करताना त्याच्यावर विसंबू नये, हेही मुलांना सांगायला हवे. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासतज्ज्ञ, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांची तुलना केली. त्यात तपासनीस सरस ठरले, कारण अनोळखी संकेतस्थळावर रेंगाळण्याऐवजी ते लगेच दुसऱ्या खिडक्या उघडून इतर लोक त्याबद्दल काय म्हणतात हे पाहत. पान शेवटपर्यंत नीट वाचावे, ही शाळेत लागलेली सवय इथे उलट आड येते.

वेळापत्रकात या विषयाला स्वतंत्र तास मिळणे अवघड. संगणकाच्या तासाला तो जोडला तर बटणांपुरता उरतो. भाषेच्या तासात तो अधिक शोभतो, कारण मुळात हे वाचनच आहे. खरी अडचण घरी येते. कुटुंबाच्या ग्रुपवर आजोबांनी पाठवलेल्या काढ्याच्या संदेशाला नातवाने सर्वांदेखत खोटे ठरवले, तर वाद काढ्यावरून सरकून उद्धटपणावर जातो. त्यापेक्षा बाजूला बसून ‘आजोबा, हे तुम्हाला कुणी पाठवलं?’ असे विचारण्याचा सराव शाळेत संवादरूपाने घेता येतो. पालकसभेत आजी-आजोबांनाही बोलावले, तर तोच पाठ त्यांनाही देता येतो.