हवाई चप्पल आणि शरीराचा तोल

पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्या बेचक्यात अडकणारी, टाच मोकळी सोडणारी रबरी चप्पल. घरात, मोरीत, अंगणात, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत सगळीकडे तीच पायात असते. वयस्कर माणसांच्या पडण्यामागे दृष्टी, औषधे, स्नायूंचा अशक्तपणा अशी अनेक कारणे असतात. त्यांतले सर्वांत सहज बदलता येणारे कारण म्हणजे ही चप्पल, आणि नेमके तिच्याकडेच कोणी बघत नाही.

चालताना पाऊल पुढे नेतो तेव्हा चवडा जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतो. टाचेला पट्टा नसल्याने चप्पल निसटू नये म्हणून बोटे आवळून धरावी लागतात आणि पावले आखूड पडतात. जी बोटे एरवी जमीन चाचपून तोल सावरतात, ती चप्पल धरण्यात गुंततात. उंबरठा, पायपुसण्याची दुमडलेली कड, साडीच्या निऱ्या यांत चपलेचे पुढचे टोक अडकते ते इथेच.

घसरण्याचा धोका मुख्यतः टाच टेकण्याच्या क्षणी असतो. तळाच्या खाचांतून पाणी बाजूला सरते, पण चप्पल आधी झिजते ती टाचेखालीच. झिजलेला गुळगुळीत तळ आणि साबणाचे पाणी सांडलेली लादी यांच्यात पकड उरत नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरही तेच होते. घरोघरी मात्र बाहेरची चप्पल जुनी झाली की तीच मोरीसाठी ठेवतात. निसटणाऱ्या पट्ट्याला खालून सेफ्टी पिन लावून आणखी वर्षभर चालवतात. ज्या जागी सर्वांत चांगला तळ हवा, तिथे सर्वांत झिजलेला तळ जातो.

जाड, मऊ तळ सुखावह वाटतो, पण पाय नेमका कसा टेकला आहे हे त्यातून नीट कळत नाही. स्टीव्हन रॉबिन्स आणि सहकाऱ्यांच्या १९९२ मधील अभ्यासात वयस्कर पुरुषांचा तोल पातळ, कठीण तळाच्या बुटांत अधिक चांगला राहिला. अमेरिकेतील २००४ च्या एका अभ्यासात ६५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये खेळाच्या व कॅनव्हास बुटांत पडण्याचा धोका सर्वांत कमी, तर अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर वावरताना बराच जास्त आढळला. आपल्याकडे चपला दाराबाहेर काढून जन्मभर अनवाणी वावरलेल्या पायांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल. गुळगुळीत लादीवर मोजे घालून चालणे मात्र नक्कीच टाळावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडून दगावतात आणि त्यांतले ८० टक्क्यांहून अधिक अल्प व मध्यम उत्पन्न गटातील देशांतले असतात.

मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेल्यांची अडचण वेगळीच आहे: चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नाही, आणि ते तसेच पुढे चालत राहतात. त्यांच्यासाठी एमसीआर नावाच्या खास रबराच्या चपला मिळतात. त्या घेताना टाचेमागे पट्टा असलेल्याच घ्याव्यात.