हेजहॉग पाथवे आला कुठून

बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कॅन्सरवर व्हिस्मोडेगिब नावाचं औषध आहे, अमेरिकेत २०१२ च्या जानेवारीत त्याला मंजुरी मिळाली. पण त्याची मुळं शोधत गेलं तर आपण पोचतो जर्मनीत हायडेलबर्गला, १९७० च्या दशकाच्या शेवटी, आणि तिथे प्रश्न कॅन्सरचा नव्हताच. क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांना बघायचं होतं की फळमाशीच्या अंड्यातून इतकी आखीव खंडाखंडांची अळी बनते कशी.

पद्धत ऐकायला सोपी पण कामाला जीव काढणारी. नर माश्यांना साखरपाण्यातून म्युटेशन, म्हणजे जीनमध्ये बदल, घडवणारं केमिकल पाजायचं, पुढच्या पिढ्या वाढवायच्या आणि ज्या अळ्या अंड्यातच मरतात त्यांची कातडी तपासायची, तीही दोघांना एकदम बघता येईल अशा मायक्रोस्कोपखाली. निरोगी अळीच्या पोटावर प्रत्येक खंडात पुढे बारीक काटे आणि मागे गुळगुळीत जागा असते. एका म्युटंटमध्ये ती गुळगुळीत जागाच गायब, अळी आखूड आणि पोटावर काटेच काटे, म्हणून त्या जीनचं नाव हेजहॉग, म्हणजे अंगावर काटे असलेला एक छोटा प्राणी. १९८० च्या पेपरात असे १५ जीन होते, पॅच्ड त्यातलाच. दोघांना एडवर्ड लुईस यांच्यासोबत १९९५ चं नोबेल मिळालं.

मला खरं भारी वाटतं ते पुढचं. हेजहॉग आणि पॅच्ड दोन्ही बिघडवले तर अळी दिसते फक्त पॅच्ड बिघडल्यासारखी, म्हणजे पॅच्ड हा ब्रेक आणि हेजहॉगचं काम तो सोडवायचं, असं फिलिप इंगम यांच्या ग्रुपने १९९१ मध्ये मांडलं, प्रोटीन प्रत्यक्ष चिकटतात हे दिसायच्या कितीतरी आधी! हा ब्रेक लागलेला असतो स्मूदन्ड या प्रोटीनवर. हेजहॉग पॅच्डला चिकटला की स्मूदन्ड मोकळं होतं, आणि मग आतलं सीआय नावाचं प्रोटीन, जे एरवी कापलं जातं आणि तुकडा होऊन जीन बंद ठेवतं, तेच आता अख्खं राहून ते जीन चालू करतं. एकच प्रोटीन, दोन्ही कामं. हेजहॉगपासून सीआयपर्यंतची ही साखळी म्हणजेच हेजहॉग पाथवे.

१९९३ मध्ये हाच जीन कोंबडी, उंदीर, झेब्राफिशमध्ये सापडला, १९९६ मध्ये कळलं की गॉर्लिन सिंड्रोम या आनुवंशिक आजारात माणसाचा पॅच्ड बिघडलेला असतो आणि या रुग्णांना बेसल सेल कार्सिनोमा पुन्हा पुन्हा होतो.

औषधाचा धागा मात्र आला मेंढ्यांकडून. अमेरिकेत आयडाहोमध्ये १९५० च्या दशकात एकाच डोळ्याची कोकरं जन्मायची, कारण गाभण मेंढ्या कॉर्न लिली नावाची रानटी वनस्पती खायच्या. त्यातलं सायक्लोपामाइन हेजहॉगचा सिग्नल अडवतं हे १९९८ ला आणि ते थेट स्मूदन्डलाच चिकटतं हे २००२ ला दाखवलं गेलं. व्हिस्मोडेगिबही स्मूदन्डलाच धरतं. पण काही ट्यूमर स्मूदन्डमध्ये एखादंच अमिनो आम्ल बदलून निसटतात, औषधाला चिकटायला जागाच उरत नाही, म्हणून आता बऱ्याच लॅबचा नेम पाथवेच्या खालच्या टोकाला आहे, ग्लीवर, म्हणजे माशीतल्या त्या सीआयच्या माणसातल्या भावंडांवर.