खड्डे दिसतात पावसाळ्यात, तयारी होते गळीत हंगामात

जुलै आला की बातमी ठरलेली: पहिल्याच पावसात रस्ता वाहून गेला. मग ठेकेदारानं डांबर खाल्लं, अधिकाऱ्यांनी टक्केवारी घेतली, ही चर्चा सुरू होते. ती अनेकदा खरीही असते. पण डांबर मापात पडलेला रस्तासुद्धा वेळेआधी का उखडतो, हे त्यातून कळत नाही.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 या काळात यासाठी मुद्दाम रस्ते बांधून सैनिकांकडून त्यांवर वेगवेगळ्या वजनांचे ट्रक फिरवून घेतले. सुमारे 11 लाख अ‍ॅक्सल (म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणारे आस) गेल्यावर नियम हाती लागला: रस्त्याचं नुकसान अ‍ॅक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. भार दुप्पट, तर नुकसान सोळा पट. लहान मोटारीच्या एका अ‍ॅक्सलवर 600 किलो धरले, तर 10.2 टनांचा ट्रकचा एक अ‍ॅक्सल तसल्या 83 हजारांहून अधिक अ‍ॅक्सलांएवढं नुकसान करतो. केंद्र सरकारनं 2018 मध्ये चार टायरांच्या अ‍ॅक्सलची मर्यादा 10.2 वरून 11.5 टनांवर नेली. भार तेरा टक्क्यांच्या आतच वाढला, पण चौथ्या घाताच्या हिशेबानं नुकसान साठ टक्क्यांहून जास्त वाढलं.

आत काय होतं? चाक जाताना डांबराचा थर किंचित खाली वाकतो आणि त्याची खालची बाजू ताणली जाते. असं लाखो वेळा झालं की तिथे बारीक चिरा पडतात आणि त्या वर सरकत येतात. पृष्ठभागावर मगरीच्या पाठीसारखी जाळी दिसते, तोवर खालचा भाग कधीच गेलेला असतो. पाऊस या चिरांतून मुरमापर्यंत पोचतो. पुढचं चाक ते पाणी दाबतं आणि बारीक माती घेऊन ते वर उसळतं. पाऊस उघडल्यावर चिरांच्या कडेला मातकट डाग दिसले, तर समजा की खाली पोकळी होतेय. थोड्याच दिवसांत तिथे खड्डा पडतो.

आता ऊस बघा. वाहतूकदाराला पैसे टनावर मिळतात, उचल फेडायची असते, डिझेल खेपेवर जळतं. त्यामुळे ट्रॉली शिगोशीग भरणं त्याच्या दृष्टीनं शहाणपणाचं. अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट करून दोन खेपांचं काम एका खेपेत उरकलं, तरी रस्त्याचं नुकसान आठपट होतं. ते बिल त्याच्याकडे येत नाही, जिल्हा परिषदेकडे जातं.

आणि जिल्हा परिषदेकडे देखभालीला पैसे नसतात. नवा रस्ता हा भांडवली खर्च, त्याचं भूमिपूजन होतं, फलक लागतो. चिरा बुजवणं, गटार मोकळं करणं, साइडपट्टी भरणं हा महसुली खर्च, त्याला नारळ कोण फोडणार? पूर्वी बांधकाम खात्याचे मैलकुली ठरलेल्या टप्प्यावर हेच काम करत. ती पदं रिकामी होत गेली आणि गटारं बुजली. जागतिक बँकेच्या 1994 च्या विकास अहवालात आफ्रिकेचा हिशेब आहे: आधीच्या दशकात 12 अब्ज डॉलर वेळेवर देखभालीला खर्चले असते, तर पुनर्बांधणीचे 45 अब्ज वाचले असते.

सध्या प्लास्टिकच्या रस्त्यांचा फार गाजावाजा आहे. वितळलेल्या प्लास्टिकचा लेप खडीवर बसला की पाण्यानं डांबर सुटणं कमी होतं, हे खरं. पण तुंबलेलं गटार त्यानं मोकळं होत नाही, भारही कमी होत नाही. ‘एकदा प्लास्टिक टाकलं की वीस वर्षं बघायला नको’ असं कोणी सांगितलं, तर ते विज्ञान नव्हे, जाहिरात आहे.

उसाच्या पट्ट्यात तरी मोजमापाची अडचण नाही. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर भरलेली आणि रिकामी अशी दोनदा तोलली जाते, कारण पैसे त्यावरच निघतात. वजन, वाहन आणि तारीख पावतीवर असते. त्या नोंदी हंगामाअखेरीस जिल्हा परिषदेला द्याव्यात, चौथ्या घातानं हिशेब करावा आणि रस्तादुरुस्तीचा वाटा कारखान्यानं टनामागे भरावा. वाहतूकदाराला जादा खेपेचे पैसेही त्यातूनच द्यावेत, नाहीतर तो ट्रॉली तशीच भरत राहील.