गतिनियोजन : शालेय मध्यम व लांब पल्ल्याच्या शर्यती (बेळगाव सीमाभाग)

धावशर्यतीतील एकूण अंतराच्या कोणत्या टप्प्यावर किती शक्ती खर्चायची याचा आधी केलेला हिशेब आणि तो अंगवळणी पाडण्यासाठीचा सराव, या दोहोंना मिळून गतिनियोजन म्हणतात. प्रस्तुत नोंद बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी व हुक्केरी या तालुक्यांतील मराठी शाळांच्या ८ वी ते १० वीच्या विद्यार्थ्यांपुरती आहे. शालेय स्पर्धांत १४ वर्षांखालील गटाला ६०० मी. आणि १७ वर्षांखालील गटाला ८००, १५०० व ३००० मी. या शर्यती असतात. मैदानावर ‘गतिनियोजन’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. मुले ‘पेस धरणे’, ‘राऊंड मारणे’, ‘पाठीला चिकटणे’, ‘दम राखणे’ असे म्हणतात. सुरुवातीला उधळून नंतर मागे पडणाऱ्याचा ‘दम तुटला’ म्हणतात, आणि शरीरक्रियाविज्ञानाच्या दृष्टीनेही ते वर्णन फारसे चुकीचे नाही.

स्पर्धांची उतरंड क्लस्टर (जवळपासच्या शाळांचा गट), तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशी आहे. बेळगाव आणि चिकोडी हे शिक्षण खात्याचे स्वतंत्र शैक्षणिक जिल्हे असल्याने खानापूरचा धावपटू आणि निपाणीचा धावपटू यांची गाठ विभागीय पातळीपूर्वी पडत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे बेळगावपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या चंदगडची मुले महाराष्ट्राच्या शालेय स्पर्धांत धावतात, आणि शेजारच्या दोन गावांतले समवयस्क एकमेकांना फक्त खुल्या रस्ता-शर्यतींत भेटतात.

पूर्वपीठिका : या भागातील लांब पल्ल्याच्या धावण्याचा सर्वांत जुना ठळक संदर्भ १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकचा आहे. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. तो मार्ग ४२.७५ किमी. म्हणजे आजच्या प्रमाण अंतरापेक्षा अर्धा किलोमीटरहून अधिक लांब होता. भागाकार केला तर दर किलोमीटरला जेमतेम चार मिनिटे, म्हणजे ४०० मीटरला सुमारे ९६ सेकंद पडतात. ही गती आजच्या जिल्हा पातळीवरच्या शाळकरी मुलाला एक-दोन राऊंड सहज जमते. प्रश्न शंभराहून अधिक राऊंडांचा आहे. अँटवर्पला गेलेल्या भारतीय संघाच्या उभारणीमागे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा होत्या. तेथे अनवाणी धावणाऱ्या शेतकरी तरुणांकडे दोराबजी टाटा यांचे लक्ष गेले होते. या घटनेवरून ‘आपल्याकडे धावणे रक्तातच आहे, शिकवावे लागत नाही’ असा निष्कर्ष स्थानिक भाषणांत काढला जातो. तो टिकणारा नाही. शेतात व पायवाटेवर वर्षानुवर्षे झालेली चाल आणि धाव हाही सरावच होय, फक्त त्याला कोणी वेळापत्रक म्हटले नव्हते.

इंटरव्हल सरावाचा उगम : शाळांच्या मैदानावर सर्वाधिक वापरला जाणारा सराव म्हणजे ठरावीक अंतर वेगाने धावून मध्ये थोडी विश्रांती घेणे. त्याच्या उगमाबाबत एकमत नाही. फिनलंडच्या लाउरी पिहकाला यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून श्रम व विश्रांती यांची आलटून पालटून योजना मांडली, हे बहुतेक क्रीडा-इतिहासकार मान्य करतात. पाव्हो नुर्मी हा हातात घड्याळ घेऊन धावणारा धावपटू त्याच परंपरेतला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने एकाच दिवशी, तासाभराच्या आत, १५०० व ५००० मी. या दोन्ही शर्यती जिंकल्या. दुसरा पक्ष जर्मनीचे प्रशिक्षक वोल्डेमार गेर्श्लर व हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइन्डेल यांना श्रेय देतो. त्यांच्या पद्धतीत नाडी मिनिटाला सुमारे १८० पर्यंत चढवायची आणि ती ९० सेकंदांत १२० च्या आसपास उतरली तरच पुढची धाव घ्यायची असा दंडक होता. त्यांच्या मते हृदयाला लाभ होतो तो धावताना नव्हे तर या विश्रांतीच्या काळात. म्हणून ‘इंटरव्हल’ हा शब्द मुळात धावेला नसून मधल्या विश्रांतीला आहे. गेर्श्लर यांचा शिष्य रुडोल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये ८०० मी. १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. त्यापुढे चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने एका दिवसात ४० वेळा ४०० मी. धावण्यापर्यंत मजल नेली आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५०००, १०,००० मी. व मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या.

कल्पना पिहकालांची आणि मोजमाप गेर्श्लरांचे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते. स्थानिक व्यवहारात मात्र धावेची संख्या आली आणि नाडी मागे राहिली. ‘दहा चारशे’ मारायला सांगितले जाते. मध्ये किती थांबायचे हे बहुधा पाण्याची बाटली सगळ्यांच्या हातून फिरून येईपर्यंत, असे ठरते. मनगटाजवळ दोन बोटे ठेवून १५ सेकंद ठोके मोजणे आणि चारने गुणणे एवढ्याने हा दोष दूर होतो. स्वीडनच्या गोस्टा होल्मेर यांची ‘फार्टलेक’ ही मोकळ्या रानात वेग कमी-जास्त करण्याची पद्धत १९३० च्या दशकातली. तिला मैदान लागत नाही, त्यामुळे खानापूरच्या जंगलपट्टीतील शाळांना ती अधिक सोयीची आहे. तेथे विजेच्या दोन-तीन खांबांइतके अंतर जोरात व पुढचे तेवढेच सावकाश असा तिचा अवतार आढळतो.

समगतीचा वाद : १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे ए. व्ही. हिल यांनी ‘प्राणवायूचे ऋण’ ही संकल्पना मांडली. स्नायू श्वासाने मिळणाऱ्या प्राणवायूपेक्षा जास्त खर्च करतात व ते कर्ज मागाहून फेडतात, असा तिचा आशय. कर्ज मर्यादित असल्याने ते एकदम उचलू नये, हा समगतीच्या, म्हणजे सगळे अंतर एकाच गतीने धावण्याच्या, बाजूचा जुना युक्तिवाद. गणितज्ञ जोसेफ केलर यांनी १९७० च्या दशकात याच धर्तीवर समीकरणे मांडून २९१ मीटरपेक्षा लांब शर्यतींत आरंभीचे काही क्षण वगळता स्थिर गती सर्वोत्तम ठरते असे दाखवले. प्रत्यक्ष विक्रम मात्र इतके आज्ञाधारक नाहीत. ८०० मी.चे बहुतेक विश्वविक्रम पहिली फेरी जलद व दुसरी मंद अशाच रीतीने झाले आहेत. लंडन २०१२ मध्ये डेव्हिड रुडिशाच्या १ मिनिट ४०.९१ सेकंदांची विभागणी ४९.२८ व ५१.६३ अशी होती. १५०० मी. व त्यापुढे आरंभ व शेवट जलद, मधला भाग मंद असा आकार दिसतो. रॉजर बॅनिस्टरने ६ मे १९५४ रोजी मैल धावताना चार फेऱ्या ५७.५, ६०.७, ६२.३ व ५८.९ सेकंदांत घेतल्या. त्यात तिसरी सर्वांत मंद आहे, आणि पहिल्या तीन फेऱ्यांचा बराच भाग दोन सहकारी पुढे धावून वेग राखत होते.

थकव्याला लॅक्टिक आम्ल कारणीभूत असते हे शालेय पुस्तकी मत आता बरेच मागे पडले असून लॅक्टेट हे स्नायू व हृदय वापरत असलेले इंधनही आहे, असे मानले जाते. दक्षिण आफ्रिकेचे क्रीडाशास्त्रज्ञ टिम नोक्स तर गतीवर मेंदूचेच नियंत्रण असते या मताचे आहेत. शेवटच्या फेरीची घंटा वाजताच गळून गेलेला मुलगाही वेग वाढवतो, यावरून या मताला पाठिंबा देण्याचा मोह होतो. वाद मिटलेला नाही. शाळकरी मुलांच्या बाबतीत एक गोष्ट अधिक निश्चित आहे. प्रौढांच्या तुलनेत त्यांची प्राणवायूविना शक्ती निर्माण करण्याची क्षमता कमी असते आणि दोन धावांमध्ये ती लवकर सावरतात. १५०० मी.मध्ये सुमारे चार-पंचमांश शक्ती प्राणवायूच्या मार्गानेच येते. म्हणून पहिल्या २०० मीटरमधली उधळण मुलांना प्रौढांपेक्षा महाग पडते.

मैदान व मोजमाप : प्रमाण धावपट्टी ४०० मी.ची, वळणांची त्रिज्या ३६.५० मी. व सरळ बाजू ८४.३९ मी. असते. बहुसंख्य शाळांच्या आवारात ती मावत नाही, म्हणून दोरी व फक्कीने २०० मी.ची आखतात. या आखणीतील एक बारकावा नेहमी चुकतो. उंच कडा नसलेल्या रेषेपासून धावणाऱ्याचे अंतर २० सेंमी. धरून मोजमाप व्हायला हवे. दोरी थेट फक्कीच्या रेषेवर ठेवून २०० मी. मोजले तर प्रत्येक फेरीत सुमारे १.२६ मी. जादा धाव पडते, ३००० मी.च्या १५ फेऱ्यांत ही चूक जवळजवळ १९ मी. होते. इतक्या अंतराला चारेक सेकंद लागतात. तालुक्याला एका मैदानावर ‘मंद’ ठरलेली मुलगी दुसऱ्या मैदानावर अचानक ‘सुधारते’, त्यामागे कधीकधी एवढेच कारण असते.

वळणावर बाहेरून धावण्याची किंमतही लहान पट्टीवर दुप्पट होते. आतल्या धावपटूपेक्षा एक मीटर बाहेरून धावणाऱ्याला कोणत्याही मापाच्या पट्टीवर फेरीमागे सुमारे ६.२८ मी. जादा पडतात. ३००० मी.मध्ये ४०० मी.च्या पट्टीवर हा भुर्दंड ४७ मी., तर २०० मी.च्या पट्टीवर ९४ मी. उलट पुढच्याच्या पाठीमागे मीटरभर अंतराने राहिल्यास वाऱ्याचा विरोध बराच कमी होतो, हे ग्रिफिथ प्यू यांनी १९७१ मध्ये मोजून दाखवले. म्हणून मार्गदर्शक ‘वळणावर चिकट, सरळीवर काढ’ असे सांगतात. फक्त सरळी ४०-५० मीटरचीच असेल, तर ओलांडायचे कोठे हा प्रश्न उरतोच.

२०० मी.च्या पट्टीवर १५०० मी. म्हणजे साडेसात फेऱ्या. सुरुवात अंतिम रेषेच्या समोरच्या बाजूला होते, पहिले १०० मी. सुटे व नंतर सात पूर्ण फेऱ्या. पाच मिनिटांचे लक्ष्य असेल तर दर फेरीला ४० सेकंद, साडेचार मिनिटांचे असेल तर ३६. ऑगस्टमधली एखादी तालुका स्पर्धा पाहिली की हिशेब कोठे मोडतो ते कळते. रात्रीच्या पावसाने फक्की धुऊन निघालेली, आतल्या वळणावर तांबडा चिखल, आणि रेषेवर पीटीचे सर स्टॉपवॉच घेऊन. पहिल्या पूर्ण फेरीला ते ‘चौतीस! हळू रे, हळू!’ ओरडतात, पण पोरगा आपल्या गावच्या ओळीपुढून जात असतो आणि त्याला फक्त टाळ्या ऐकू येतात. पाचव्या फेरीला आकडा चव्वेचाळीस झालेला असतो. फेऱ्या मोजणारे पंच बहुधा कन्नडमध्ये उरलेल्या फेऱ्या सांगतात. ‘एरडु’ म्हणजे दोन, एवढे तरी मराठी शाळेतल्या धावपटूला पाठ असावे लागते.

भरतीच्या धावेचा प्रभाव : मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावात असल्याने सैन्यभरती हा येथील धावण्याचा मोठा हेतू आहे. भरतीची धाव १.६ किमी.ची, आणि ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत येणाऱ्यास तिचे पूर्ण ६० गुण हा अनेक वर्षांचा मापदंड. म्हणजे ४०० मीटरला ८२.५ सेकंद, त्याच गतीने १५०० मी. ५ मिनिटे ९ सेकंदांत होतात. वॅक्सिन डेपोच्या परिसरात किंवा गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे थोरल्या भावाच्या मागे धावणारा नववीतला मुलगा नकळत हीच गती शिकतो. ती प्राथमिक पाया म्हणून चांगली आहे. पण भरतीत वेळेची रेषा ओलांडली की काम झाले, तर शर्यतीत शेवटचे २०० मी. वेगळे धावावे लागतात. शिवाय भरतीच्या गर्दीत मागे अडकू नये म्हणून पहिल्याच वळणाला धडक मारायची सवय लागते. जिल्हा पातळीवर फुकट जाणाऱ्या सुरुवातींचे मूळ या सवयीत शोधणे वावगे होणार नाही.

सरावाचे वर्ष : शाळा जूनच्या सुमारास सुरू होतात आणि स्पर्धांचा हंगाम लगेच ऐन पावसाळ्यात येतो, त्यामुळे पाया घालायला हवा तो मार्च ते मेमध्ये, परीक्षा व सुटीच्या काळात. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड यांनी आधी बरेच आठवडे सावकाश लांब धावा, मग चढ आणि शेवटी वेग असा क्रम सांगितला. त्यांची आठवड्याला १०० मैलांची मात्रा मुलांसाठी नव्हे, क्रम मात्र घेण्यासारखा आहे. चढासाठी येळ्ळूरजवळचा राजहंसगड किंवा जांबोटीकडचे घाटरस्ते उपलब्ध आहेत. अथणीकडची कोरडी काळी माती व खानापूरचा मुसळधार पाऊस यांत वेळापत्रक एकच ठेवता येत नाही. पश्चिमेकडे जुलैत डांबरी रस्ताच उरतो आणि नडगीची दुखणी वाढतात. झपाट्याने उंची वाढण्याच्या वयात गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखू लागल्यास धाव कमी करणे हाच उपाय होय. बेळगाव शहराची उंची सुमारे ७५० मी. आहे; एवढ्या उंचीवर हवा विरळ असल्याचा फायदा-तोटा नगण्य, गारव्याचा मात्र आहे.

मुलींमध्ये वेळ अकारण घसरत गेली तर सराव वाढवण्याआधी रक्तातील हिमोग्लोबिन तपासणे इष्ट. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळ्या जेवणानंतर घ्याव्यात. चहाबरोबर घेतल्यास लोह कमी शोषले जाते. शर्यतीच्या दिवशी भाकरी तीन तास आधी, नंतर गूळ-शेंगदाण्याचा लहान खडा, असा प्रघात आहे.

अनवाणी धावण्यास नियमांची आडकाठी नाही. ओल्या गवतावर साध्या कॅनव्हासच्या बुटांपेक्षा उघडे पाय कमी घसरतात, आणि क्लस्टर पातळीवर आजही बूट हातात धरून रेषेकडे जाणारी मुले दिसतात.