पार्श्वभूमी : कमांड-लाइनवरचे पर्याय आणि सेटिंग्जची उतरंड

फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला प्रोजेक्ट असो की पणजीतल्या छोट्या कंपनीचे काम, प्रोग्रॅम जरा वाढला की वाद सुरू होतो: ही सेटिंग कमांड-लाइनवरून (प्रोग्रॅम सुरू करताना टाइप केलेल्या ओळीतून) घ्यायची, फाइलमधून की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅमला पुरवते त्या नाव-किंमत जोड्यांतून)? या वाटा कोणी एका बैठकीत आखलेल्या नाहीत. त्या एकेक करून पडत गेल्या.

हायफन लावून पर्याय देण्याची रीत युनिक्सच्या आधीच्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होती. तिथे हायफनपुढे अख्खा शब्दही चाले. युनिक्सने 1970 च्या दशकात ते एका अक्षरावर आणले. शिस्त मात्र नव्हती. जो तो आपल्या कमांडपुरते आर्ग्युमेंट (कमांडपुढे लिहिलेले शब्द) स्वतःच चाळायचा. त्या काळाच्या खुणा अजून दिसतात: फाइली एकत्र बांधणाऱ्या 'टार'ला हायफन नसला तरी चालते आणि डेटा कॉपी करणारी 'डीडी' आयबीएमच्या मोठ्या मशीनवरच्या जेसीएलसारखी बरोबरच्या चिन्हाची (=) भाषा बोलते. एटी अँड टीच्या बेल लॅब्समध्ये 1980 च्या सुमारास पर्याय वाचून देणारे 'गेटऑप्ट' हे फंक्शन तयार झाले. एटी अँड टीने 1985 साली डॅलसच्या युनिफोरम परिषदेत त्याचा सोर्स सर्वांसाठी खुला केला आणि मग कुठे एकसारखेपणा आला. दोन हायफनचे लांब पर्याय रूढ केले ते ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने.

डॉस या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची गंमत वेगळीच. तिथे तिरकी रेघ (/) पर्यायांसाठी आधीच अडकली होती. 1983 मध्ये डॉस 2.0 मध्ये फोल्डर आले, तेव्हा पाथसाठी (फाइलच्या पत्त्यासाठी) उलटी रेघ (\) घ्यावी लागली. विंडोजवर आपण ती अजून सोसतो आहोत.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 1979 मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आले. आता सर्वसाधारण उतरंड अशी: कोडमधला डीफॉल्ट (काहीच न सांगितल्यास धरायची किंमत) सर्वांत खाली, त्यावर फाइल, त्यावर एन्व्हायर्नमेंट आणि सगळ्यांवर कमांड-लाइन. जे या एका रनपुरते मुद्दाम सांगितले, त्याचा मान मोठा.

घोळ होतो तो या थरांच्या जोडणीत. समजा, रायबंदर–चोडण फेरीबोटीचे वेळापत्रक छापणारा प्रोग्रॅम आहे. कोडमधला डीफॉल्ट इंग्रजी, फाइलमध्ये 'भाषा = मराठी'. कमांड देताना भाषेचा पर्याय कोणी दिलाच नाही. पण पार्सरने (कमांड-लाइन वाचणाऱ्या भागाने) ती जागा स्वतःच 'इंग्रजी'ने भरून ठेवली. पुढचा कोड पार्सरची उत्तरे फाइलवर चढवतो आणि धक्क्यावर कागद लागतो इंग्रजीत. फाइल बरोबर, पार्सरही बरोबर. फक्त 'माणसाने दिले' आणि 'आपण भरले' यांतला फरक मधल्या मधे पुसला गेला. म्हणून पार्सरला डीफॉल्ट देऊच नये. आधी सगळे थर जोडावेत, उरलेल्या रिकाम्या जागा शेवटी भराव्यात. पायथन 2.7 बरोबर 2010 मध्ये प्रमाण लायब्ररीत आलेल्या 'आर्गपार्स' या पार्सरमध्ये त्यासाठी 'सप्रेस'ची (न दिलेला पर्याय उत्तरातून वगळण्याची) सोय आहे. ती फारसे कोणी वापरत नाही, हे दुर्दैव.

पासवर्डला मात्र ही उतरंड लावू नये. कमांड-लाइनवर लिहिलेला पासवर्ड बऱ्याच युनिक्स मशीनवर 'पीएस' (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी कमांड) चालवणाऱ्या दुसऱ्या युजरलाही दिसतो. तो परवानगी आवळलेल्या फाइलमधूनच वाचावा.