पडकं शेतघर सापडलं म्हणून खाण बंद पडते का?

अमेरिकेतल्या खाणपट्ट्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: जुन्या शेतघराचा पाया दिसला की पुरातत्त्ववाले येतात आणि खाण कायमची बंद पाडतात. तसं होत नाही.

राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा जतन कायदा १९६६ चा. त्याचं कलम १०६ लागू होतं ते केंद्र सरकारचा पैसा, परवाना किंवा मान्यता गुंतलेली असेल तेव्हाच. तेही म्हणतं एवढंच, की निर्णयाआधी वारशावरच्या परिणामाचा विचार करा. प्रकल्प रोखायचा अधिकार त्यात नाही.

एखादी जागा वारसा ठरायला ५० वर्षं वय ही साधारण पहिली चाळणी, पण नुसतं वय पुरत नाही. ही माती काही नवं सांगेल का, हे बघायचं असतं. म्हणून ठरावीक अंतरावर फावड्याने छोटे खड्डे घेऊन माती चाळतात. सापडतं काय? बशीचे तुकडे, बाटल्यांच्या काचा आणि खिळे. खिळा भलताच बोलका! पत्र्यातून कापलेला चौकोनी खिळा असला तर घर बहुधा १८९० च्या आधीचं. गोल, तारेचा असला तर बहुतेक नंतरचं.

नांगराने सगळे थर कालवलेले असले तर नोंद होते, नकाशा निघतो आणि यंत्रं पुढे सरकतात. बहुतेक शेतघरांचं हेच होतं. एखादी बुजलेली विहीर किंवा संडासाचा खड्डा मात्र शाबूत निघाला, तर खाणीची हद्द थोडी वळवतात, नाहीतर आधी रीतसर उत्खनन उरकून मग खोदतात.