बेंबीची गाठ: गळू की हर्निया?

"डॉक्टर, पिल्लाच्या बेंबीला गळू झालंय, येऊन फोडून द्या." वराहपालकाचा असा फोन आला की मी आधी एवढंच सांगतो, मी पोहोचेपर्यंत ब्लेडला हात लावू नका. असं सांगण्यामागे एक अनुभव आहे. एकदा मी पोहोचण्याआधीच मालकाने गाठीला चीर दिली होती. शेळीचं गळू त्याने पूर्वी असंच फोडलं होतं आणि शेळी बरी झाली होती, त्यामुळे त्याचा हेतू चांगलाच होता. पण चिरेतून पू आला नाही. आतड्याचं गुलाबी, ओलसर वेटोळं बाहेर आलं, त्याला भुसा चिकटला, आणि बाकीची पिल्लं वास घेत जवळ यायला लागली. मी धुऊन, आत ढकलून टाके घातले, पण पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं.

बाहेरून दोन्ही गाठी अगदी सारख्या दिसतात. पोटाखाली, बेंबीच्या जागी, लिंबाएवढा किंवा मोसंबीएवढा फुगवटा. फरक आत असतो. नाळेच्या वाटेने जंतू शिरले, शरीराने त्यांच्याभोवती जाड भिंत उभी केली आणि आत पू साठला, तर ते गळू. जन्मानंतर पोटाच्या स्नायूंमधलं नाळेचं भोक बुजायला हवं होतं ते बुजलंच नाही, आणि त्यातून आतडं किंवा पोटातली चरबीची झालर कातडीखाली उतरली, तर तो हर्निया. गळूवर सुरी हा इलाज आहे. हर्नियावर घाईने चालवलेली सुरी जीव घेते.

मग ओळखायचं कसं? पिल्लाला दोघांनी धरून उताणं करा. हात धुवा. गाठीवर तळवा ठेवून हळूहळू, अजिबात घाई न करता, पोटाच्या दिशेने दाबा. हर्निया असेल तर गाठ मऊ लागते, बोटांखाली काहीतरी सरकतं, कधी गुडगुड जाणवते, आणि ती आत जाते. ती आत गेली की त्या जागी बोट फिरवा. स्नायूंमध्ये एक गोल कडा लागते, बांगडीच्या काठासारखी. त्या भोकात एक बोट मावतं की तीन, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतं. पिल्लू उभं केलं की गाठ पुन्हा उतरते. गळू असेल तर गाठ कडक, गरम असते, दाबल्यावर पिल्लू ओरडतं, ती आत जात नाही आणि कडा सापडत नाही. जुनं गळू मात्र थंड पडतं आणि फारसं दुखत नाही.

नराच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. डुकराच्या मूत्रमार्गाचं तोंड बेंबीच्या लगेच मागे असतं, आणि तिथे कातडीखाली एक पिशवी असते. तिच्यात मूत्र साठून फुगवटा येतो. दाबल्यावर उग्र वासाचं पाणी पुढून बाहेर आलं, तर ते गळूही नाही आणि हर्नियाही नाही.

खरी अडचण अशी की ही परीक्षा दरवेळी निकाल देत नाही. हर्नियाच्या पिशवीतच गळू होऊ शकतं. आतडं पिशवीच्या भिंतीला चिकटलं तर ते आत जात नाही, आणि गाठ गळूसारखी कडक लागते. भोकाच्या कडेत आतडं आवळलं तर गाठ गरम होते, दुखते, म्हणजे सगळी लक्षणं गळूचीच. फरक सांगतं ते जनावर. आतडं आवळलेलं पिल्लू खाणं सोडतं, ओकतं, पोट फुगतं, शेण येत नाही. अशा वेळी "सकाळी बघू" म्हणायला वाव नसतो, रात्रीच डॉक्टर गाठावा लागतो. निश्चित कळत नसेल तर सोनोग्राफी सगळ्यात चांगली, पडद्यावर आतडं हलताना दिसतं. ती नसेल तर आम्ही कातडी स्वच्छ करून बारीक सुईने थेंबभर ओढून बघतो. पण सुई आतड्यात गेली तर नवं दुखणं सुरू होतं, म्हणून हा प्रयोग मालकाने घरी करू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

गळूचा उपचार साधा आहे. ते मऊ पडू द्यायचं, सगळ्यात खालच्या भागी चीर द्यायची म्हणजे पू आपोआप वाहून जातो, आतून धुऊन जखम उघडीच ठेवायची आणि माश्या बसू द्यायच्या नाहीत. अँटिबायोटिक दिलं तर औषधावर लिहिलेले दिवस पूर्ण होईपर्यंत जनावर कत्तलीला पाठवायचं नाही.

हर्नियाचा निर्णय मात्र हिशेबाचाही असतो. गाठ लहान, आत जाणारी, पिल्लू खाऊन-पिऊन वाढतंय, तर वेगळ्या कप्प्यात ठेवून थोडं लवकर विकणं शहाणपणाचं. मोठी गाठ जमिनीला घासते, कातडी सोलते, दुसरी डुकरं ती चावतात, तिथे वाट बघू नये. ऑपरेशन करायचं तर आदल्या रात्रीपासून खाद्य बंद. भूल देऊन उताणं बांधतात, गाठीभोवती लांबट गोल छेद घेतात, पिशवी शक्यतो न फोडता आत लोटतात आणि भोकाच्या कडा मजबूत, आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांनी जोडतात. नरात छेद मूत्रमार्ग वाचवून घ्यावा लागतो, त्यामुळे काम अवघड होतं. पिशवीत गळूही निघालं तर पू पोटात सांडण्याची भीती असते, म्हणून मी आधी गळू शांत करतो आणि मगच भोक शिवतो.

अंडकोशाचा हर्निया हा याचाच भाऊ. खच्चीकरणाच्या दिवशी पिल्लू मागच्या पायांनी उलटं धरलं की उतरलेलं आतडं पोटात परत जातं, आणि एरवी दिसणारी सूज दिसत नाही. म्हणून आधी डोकं वर करून धरा, पोट हलकं दाबा, दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघा. एक बाजू फुगलेली दिसली तर ते पिल्लू नेहमीच्या रांगेत घेऊ नका, डॉक्टरसाठी बाजूला ठेवा.

प्रतिबंधाबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. नाळ ओढून तोडू नका. साधारण 3 सेंमी ठेवून बांधा, कापा, आयोडीनमध्ये बुडवा, आणि विण्याची जागा कोरडी ठेवा. गळू यामुळे बरंच टळतं. हर्नियात मात्र आनुवंशिकतेचाही वाटा असतो. एकाच नराच्या पिल्लांत हर्निया वारंवार दिसला तर त्या नराचा जोड थांबवा, आणि ऑपरेशनने बरं झालेलं पिल्लू, मग ते कितीही देखणं असो, पैदाशीला ठेवू नका. टाक्यांनी भोक शिवता येतं, रक्तातला दोष तसाच पिल्लांत उतरतो.